अपुऱ्या दिवसांच्या लेकराला हात कसा लावावा?

गाय व्यायली की आधी काय करते? वासराला चाटून काढते. एखादी पहिलारू गाय चाटेना झाली तर आपण कोरडं गोणपाट नाहीतर वाळल्या गवताची मूठ घेतो आणि वासराचं अंग चोळून काढतो. त्यानं वासरू कोरडं होतं, नीट श्वास घेऊ लागतं, अंगात रक्त खेळतं आणि थोड्या वेळात उठायची धडपड करतं. हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. परंतु घरातली सून सातव्या-आठव्या महिन्यातच बाळंत झाली आणि दीड किलोचं लेकरू समोर आलं, की सगळं घर बावचळून जातं. कुणी म्हणतं, हातच लावू नका, दगावेल. कुणी म्हणतं, चांगलं रगडून न्हाऊ घाला, म्हणजे अंग धरील. दोन्ही सल्ले मायेपोटीच दिलेले असतात. मात्र दोन्ही चुकीचे आहेत.

शेतीच्या पानावर हा विषय कशाला, असं काही वाचक म्हणतील. माझी पदविका शेतीची आहे, डॉक्टरकीची नव्हे, हे मी विसरलेलो नाही. पण कळमनुरी तालुक्यात शेतीशाळेच्या निमित्तानं गावोगाव फिरताना लोक खता-औषधाबरोबर घरातलंही विचारतात. कमी दिवसांच्या लेकराचा प्रश्न तर हमखास निघतो. तेव्हा या बाबतीत जे खात्रीचं वाचायला आणि समजून घ्यायला मिळालं, ते आज आपल्यापुढे ठेवतो. औषधपाण्याचा शब्द अर्थातच डॉक्टरांचा.

पूर्ण दिवस म्हणजे साधारण ४० आठवडे. ३७ आठवडे भरायच्या आत जन्मलेलं लेकरू अपुऱ्या दिवसांचं समजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली आपल्या देशात अशी सुमारे ३० लाख लेकरं जन्मली. म्हणजे दर आठ जन्मांमागे एक. आपल्याकडे एक जुनं बोलणं आहे, सातव्याचं जगतं पण आठव्याचं जगत नाही. हे साफ खोटं आहे. पोटात काढलेला एकेक आठवडा लेकराच्या फायद्याचाच असतो, त्यामुळे आठव्या महिन्याचं लेकरू सातव्याच्या लेकरापेक्षा केव्हाही बळकट. या एका समजुतीपायी आठव्याच्या लेकराला दवाखान्यात नेण्याआधीच घरचे हातपाय गाळून बसतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. या लेकराचं वजन कमी असतं हे आपल्याला दिसतं, काट्यावर मोजता येतं. पण त्याचा मेंदूही अर्धवट तयार झालेला असतो, ते दिसत नाही. ३४ आठवड्यांच्या सुमारास मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या मेंदूच्या जवळपास दोन तृतीयांश असतं. शेवटच्या दोन-अडीच महिन्यांत मेंदूला वळ्या पडतात आणि त्याच्या पेशींचे एकमेकींशी सांधे जुळतात. लवकर जन्मलेल्या लेकराला हे काम पोटाबाहेर पुरं करावं लागतं. ते कशाच्या आधारावर होतं? दूध तर हवंच. त्याच्या जोडीला स्पर्श लागतो.

पाचही इंद्रियांत सर्वांत आधी जागा होतो तो स्पर्श. गर्भ जेमतेम दोन महिन्यांचा असताना ओठांभोवतीच्या कातडीला जाणीव येते, आणि पाचव्या महिन्यापर्यंत ती अंगभर पसरते. कान आणि डोळे त्याच्या मागून येतात. पोटातल्या पाण्यात लेकरू सारखं हलतं, गर्भाशयाच्या भिंतीला घासतं, स्वतःचा हात तोंडाशी नेतं. चहूबाजूंनी मऊ दाब आणि ऊब. मेंदू या खुणांवरच आपली घडण करत असतो. सातव्या महिन्यात जन्मलेलं लेकरू तिथून उठून एकदम काचेच्या पेटीत येतं. टाचेला सुई, हाताला सलाईन, नाकात नळी, गालावर चिकटपट्टी. यातली प्रत्येक गोष्ट त्याचा जीव वाचवण्यासाठीच असते, त्याबद्दल कुणाच्या मनात किंतु नको. पण फ्रान्समधल्या दवाखान्यांत डॉक्टरांनी मोजदाद केली, ती २००८ साली प्रसिद्ध झाली. पहिल्या १४ दिवसांत एकेका लेकराच्या वाट्याला दररोज सरासरी १६ वेळा असा दुखरा किंवा त्रासाचा स्पर्श येत होता.

एवढ्याशा लेकराला दुखतं तरी काय, असं पूर्वी मोठमोठे डॉक्टरही समजत. १९८० च्या दशकापर्यंत परदेशातसुद्धा अशा लेकरांच्या शस्त्रक्रिया पुरेशी भूल न देता होत असत. मूळचे भारतीय असलेले डॉ. कंवलजीत आनंद यांनी १९८७ साली पुराव्यानिशी दाखवून दिलं की कमी दिवसांच्या लेकरालाही वेदना होतात आणि त्यांचा शरीरावर वाईट परिणाम होतो. तिथून जगभरची पद्धत बदलत गेली.

यापुढचं पाऊल २०१७ साली पडलं. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डॉ. नॅथली मेत्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२५ लेकरं तपासली, काही पूर्ण दिवसांची, काही अपुऱ्या दिवसांची. डोक्यावर तारांची मऊ जाळीदार टोपी चढवायची, कातडीवर हवेची हलकी फुंकर सोडायची आणि मेंदू त्या फुंकरीला किती प्रतिसाद देतो हे यंत्रावर पाहायचं, अशी रीत. सुई नाही, दुखणं नाही. त्यात असं दिसलं की घरी जायच्या वेळीही अपुऱ्या दिवसांच्या लेकरांचा मेंदू हळुवार स्पर्शाला कमी प्रतिसाद देतो. ज्यांना दुखरे उपचार जास्त झाले होते त्यांचा प्रतिसाद आणखी कमी होता, दुखणं कमी करायचं औषध किंवा साखरेचं पाणी दिलेलं असूनही. उलट ज्यांना आईच्या अंगाशी धरणं, पाजणं, कुरवाळणं जास्त मिळालं होतं, त्यांचा प्रतिसाद अधिक ठळक होता. १२५ लेकरांच्या पाहणीवरून सगळ्या जगाचा निकाल लावता येत नाही हे खरं. पण या निष्कर्षाची दिशा इतर अनेक प्रयोगांशी जुळते.

त्यातला एक तर आपल्या गोठ्यातल्या अनुभवाजवळचा आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात सॉल शॅनबर्ग यांनी उंदरांच्या पिलांना आईपासून वेगळं ठेवलं, तर त्यांच्या अंगातलं वाढीचं संप्रेरक घसरलं. ओल्या कुंचल्यानं, आई चाटते तसं, पिलांचं अंग कुरवाळलं तेव्हा ते पुन्हा पूर्ववत झालं. त्याच धाग्यावरून टिफनी फील्ड यांनी १९८६ साली दवाखान्यातल्या कमी दिवसांच्या लेकरांना रोज ठरावीक वेळ हलका हात फिरवून पाहिला. दूध सारखंच पाजूनही त्या लेकरांचं वजन इतरांपेक्षा ४७ टक्के जास्त वेगानं वाढलं.

पेटी कमी पडली म्हणून

आता यातला फुकटचा आणि घरोघर जमणारा उपाय. दक्षिण अमेरिकेत कोलंबिया नावाचा देश आहे, त्याची राजधानी बोगोटा. १९७८ साली तिथल्या सरकारी बाळंतपणाच्या दवाखान्यात पेट्या इतक्या कमी होत्या की एकेका पेटीत दोन-तीन लेकरं ठेवावी लागत. एकाचा जंतुसंसर्ग दुसऱ्याला होई आणि लेकरं दगावत. तेव्हा डॉ. एडगर रे यांनी लेकरं आयांच्या उघड्या छातीवर बांधायला सुरुवात केली. कांगारू आपलं पिलू पोटाच्या पिशवीत वाढवतो, त्यावरून नाव पडलं कांगारू पद्धत. गरिबीतून निघालेली ही युक्ती आज श्रीमंत देशांतले दवाखानेही वापरतात.

त्याच बोगोटात १९९३ ते १९९६ या काळात जन्मलेल्या कमी वजनाच्या लेकरांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले होते, एक कांगारूचा आणि एक नेहमीच्या उपचाराचा. ती मुलं २० वर्षांची झाल्यावर पुन्हा शोधून तपासली. कांगारू गटातली मुलं कमी चिडखोर निघाली, शाळेला कमी दांड्या मारणारी निघाली, आणि मेंदूच्या चित्रात काही भाग आकारानंही मोठे दिसले. छातीशी धरलेल्या काही आठवड्यांचा परिणाम २० वर्षांनी मोजता यावा, ही गोष्ट मला तरी फार मोठी वाटते.

आपल्याकडेही हे नवं नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात दोन किलोच्या आतल्या २०६ लेकरांवर असाच तुलनात्मक अभ्यास झाला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. कांगारू पद्धतीत लेकराचं वजन दररोज सरासरी सुमारे २४ ग्रॅमनं वाढलं, नेहमीच्या पद्धतीत १५-१६ ग्रॅमनं. पुढे भारतासह पाच देशांत ३,२११ लेकरांवर मोठा प्रयोग झाला, त्याचा निकाल २०२१ साली आला. लेकरू स्थिर व्हायची वाट न पाहता जन्मल्याबरोबर छातीशी धरलं तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू शेकडा १५.७ वरून १२ वर आले. म्हणजे जवळपास चौथा हिस्सा जीव वाचले. फायदा इतका उघड दिसला की प्रयोग मुदतीआधीच थांबवावा लागला. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं असं आहे की कमी दिवसांच्या वा कमी वजनाच्या लेकराला जन्मापासूनच, दिवसाचे ८ ते २४ तास असं धरावं. दवाखान्यातही आणि घरीही.

आठ तास! इथंच खरी अडचण आहे. आपल्या घरातल्या बाईला आठ तास एका जागी कोण बसू देतं? सोयाबीनची काढणी असो की हळदीची शिजवणी, बाळंतिणीच्या वाट्याला निदान चूल-पाणी तरी येतंच. लेकराची भूक भागवली, झोळीत टाकलं, की ती पुन्हा कामाला. माझं स्पष्ट मत आहे की कांगारू पद्धत हा बाईचा प्रश्न नसून घरातल्या बाकीच्यांच्या कामाचा प्रश्न आहे. दीड-दोन महिने तिचं काम दुसऱ्यांनी वाटून घेतलं तरच हे जमतं.

आणि वाटून घेता येतं ते फक्त काम नव्हे, लेकरूसुद्धा. गेल्या खरिपात आमच्या शेतीशाळेचा एक नेहमीचा शेतकरी दोन आठवडे दिसेना, म्हणून घरी डोकावलो. गडी ओसरीवर भिंतीला टेकून बसलेला, सदऱ्याची बटणं मोकळी, वरून धोतराच्या फडक्यानं काहीतरी घट्ट बांधलेलं. "साहेब, बसा. मला उठता येत नाही, लेक झोपलीय," म्हणाला. बत्तिसाव्या आठवड्यातली मुलगी, घरी आणताना पावणेदोन किलोची. रात्रभर आईनं धरलेली, सकाळपासून बापाची पाळी. त्याची आई मात्र नाराज होती. "बाप्या माणसानं असं लेकरू बांधून बसावं का? समदी गल्ली हसायली," असं मला गाऱ्हाणं घातलं. मी म्हणालो, "मावशी, बापाच्या छातीला ऊब काही कमी नसते." खरोखरच तसं आहे. आजी, मावशी, आत्या, बाप, ज्याची तब्येत चांगली, सर्दी-खोकला नाही, अंगावर नायटा-खरूज नाही, हात-छाती स्वच्छ धुतलेली, तंबाखू-विडी दूर, असं घरातलं कुणीही पाळी घेऊ शकतं. पाजायचं तेवढं आईनं.

धरायचं कसं ते नीट समजून घ्या. लेकराच्या अंगावर फक्त लंगोट, टोपी आणि मोजे. छातीवर, दोन्ही स्तनांच्या मधे, उभं धरायचं. पाय बेडकासारखे दुमडलेले, हात वर, मान एका कुशीला वळवून किंचित वर उचललेली, म्हणजे नाक दबत नाही. हे नाक मोकळं आहे ना, हे सारखं पाहायचं. वरून मऊ सुती लुगड्याचा पट्टा किंवा ओढणी घट्ट बांधायची, त्यावर सदरा किंवा शाल. एकदा धरलं की निदान तासभर तरी काढायचं नाही. सारखं ठेव-उचल केल्यानं लेकरू उलट दमतं. झोपताना उशा लावून पाठ उंच ठेवून टेकावं, सपाट झोपू नये.

लेकरू गार पडलंय का, हे पाहायला यंत्र लागत नाही. हाताची मागची बाजू आधी पोटाला आणि मग तळपायाला लावायची. दोन्ही गरम तर ठीक. पोट गरम आणि पाय गार तर ऊब कमी पडतेय, लगेच छातीशी घ्या. दोन्ही गार असतील तर धोका आहे, छातीशी बांधून तसंच दवाखान्याकडे निघा. कळमनुरीहून हिंगोलीला किंवा नांदेडला नेताना वाटेत लेकरू गार पडण्याची भीती मोठी असते. गाडीत पेटी नसेल तर आईची नाहीतर बापाची छाती हीच पेटी.

सोयाबीनचं पोतं आणि लेकराचं अंग

त्या मावशींनी मला शेवटी विचारलं, "मग न्हाऊ कवा घालायचं? मालिश कवा?" याचं उत्तर शेतकऱ्याला सोयाबीनवरून पटकन कळेल. बियाण्याचं पोतं आपटू नका, त्यावर बसू नका, असं आम्ही दरवर्षी कानीकपाळी ओरडतो, कारण सोयाबीनचं वरचं आवरण फार पातळ. बाहेरून दाणा साबूत दिसतो, पण आतून मार बसलेला असतो आणि उगवण बसते. ज्वारीला जो हात चालतो तो सोयाबीनला चालत नाही. अपुऱ्या दिवसांच्या लेकराची कातडी अशीच, पूर्ण दिवसांच्या लेकरापेक्षा पुष्कळ पातळ.

आपल्याकडच्या न्हाऊ घालणाऱ्या बायांच्या हाताला मी नाव ठेवत नाही. भरल्या दिवसांच्या लेकराला तो हात मानवतो. पण कमी दिवसांच्या लेकराला डाळीच्या पिठानं घासणं, कणकेच्या गोळ्यानं लव काढणं, पाय धरून उलटं करणं, डोकं दाबून आकार देणं, नाका-कानात तेल सोडणं यातलं काहीही नको. वजन वाढून डॉक्टर सांगेपर्यंत आंघोळही नको, कोमट पाण्यात पिळलेल्या मऊ फडक्यानं पुसलं तरी भागतं. धुरी आणि शेगडीही नको. बंद खोलीतला धूर त्या कच्च्या फुप्फुसांना सोसत नाही. तेल लावायची परवानगी मिळाली तर खोबरेल चार थेंब, रगडून न लावता फक्त पसरायचं.

हात फिरवायचा तो सावकाश. आपल्या कातडीत काही बारीक मज्जातंतू असे आहेत की ते हळूहळू कुरवाळण्यालाच उत्तम साद देतात, सेकंदाला दोन-चार बोटं सरकेल एवढ्या वेगाला. घाईचा हात त्यांना कळत नाही. फार लहान लेकराला तर कुरवाळणंही जास्त होतं. त्याला नुसता थांबलेला हात बरा, एक तळवा डोक्याला, दुसरा दुमडलेल्या पायांना, जणू पोटातली भिंत. इंजेक्शनच्या वेळी परिचारिका परवानगी देत असेल तर असंच धरा, किंवा छातीशी घेऊनच टोचू द्या. लेकरू रडतं कमी. आणि पुरे झालं हे लेकरू सांगतं बरं का. बोटं फाकवतं, तोंड फिरवतं, उचक्या देतं, सारखं जांभया देतं, रंग बदलतं. मग हात थांबवायचा. झोपलेलं लेकरू पाहुण्यांना दाखवायला उठवू नका, त्या झोपेतच मेंदू वाढत असतो.

इतका आटापिटा कशाला, जगलं-वाचलं की झालं, असं कुणी म्हणेल. त्यांच्यासाठी पुण्याचं उदाहरण देतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. सुधा चौधरी यांनी १९८७ ते १९८९ दरम्यान तिथल्या नवजात कक्षातून घरी गेलेल्या दोन किलोच्या आतल्या लेकरांचा पुढे १८ वर्षं पाठपुरावा केला. बाराव्या वर्षी बहुतेक मुलांची बुद्धी सर्वसाधारण मर्यादेत होती, ही समाधानाची बाब. पण बरोबरीच्या मुलांच्या मानानं ती थोडी मागे होती, आणि वाचन, गणित, हात-डोळ्याचा मेळ यांत अडचणी जास्त होत्या. पूर्वी अशी लेकरं जगत नसत, आता जगतात. ती शाळेत आपल्या गुरुजींपुढे येऊन बसतात आणि आपण त्यांना ढ म्हणतो.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींना इथं थोडं काम आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेनं ३९ गावांत गावच्याच बायांना शिकवून नवजात लेकरांची घरी काळजी घेतली. हजारी ६२ असलेले नवजात मृत्यू १९९८ पर्यंत २५ वर आले. त्याच धर्तीवर २०११ पासून आशाताई बाळंतिणीच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. आपल्या गावात या भेटी खरोखर होतात का, आशाताईचा वजनकाटा चालू आहे का, हे ग्रामसभेत विचारा. गावच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीला मिळणारा अबंधित निधी कशावर खर्च होतो तेही पाहा. काटा, टोप्या-मोजे, मऊ कापडाचे पट्टे यांना फार पैसा लागत नाही. जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमात आजारी नवजात लेकराचा सरकारी दवाखान्यातला उपचार आणि जाण्या-येण्याची गाडी मोफत आहे, हे अजून पुष्कळ घरांना ठाऊक नाही.

आणखी एक, विसरू नये असं. दोन किलोच्या आत किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या लेकराचे डोळे जन्मापासून ३० दिवसांच्या आत डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्यावेच लागतात, आणि फारच लहान असेल तर त्याच्याही आधी. या लेकरांच्या डोळ्यांच्या पडद्याला एक रोग होतो, तो बाहेरून दिसत नाही आणि वेळ गेली की दृष्टी जाते. दवाखान्यातून सुट्टी घेताना ही तारीख कागदावर लिहून मागा.

हे सगळं कुठवर करायचं, असं विचाराल तर वजन अडीच किलोच्या आसपास येईपर्यंत. त्या सुमारास लेकराला पट्ट्यात उकडू लागतं, ते हातपाय झाडतं, कुरकुर करतं आणि बाहेर यायला बघतं. तेव्हा पट्टा सोडायचा.